वाटेचा रोज

वैशाख सरत आला, की कोकणातील गृहस्थाची दृष्टी एकदा तरी आपल्या घराच्या आढ्याकडे जाते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून घेतले पाहिजे, ही चिंता येथे श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच असते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो कौलांमधील बोटभर फटीलाही क्षमा करीत नाही. अशा दिवसांत ज्या माणसाची सर्वांत आतुरतेने वाट पाहिली जाते, तो घर शाकारणारा कारागीर कोणाचा नोकर नसतो. त्याला महिन्याचा पगार नाही, मुकादम नाही, हजेरीचे पुस्तक नाही. आपली शिडी, आपला दोर आणि आपले दोन हात एवढ्या भांडवलावर तो स्वतंत्र धंदा करतो. त्याच्या कामाचे मोल काय, ह्याविषयी पुष्कळ घासाघीस होते. परंतु त्या कामापर्यंत पोचण्यासाठी तो जी वाट तुडवितो तिचे मोल काय, हा प्रश्न घरमालक विचारीत नाही आणि बहुधा कारागीरही काढीत नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाचाच विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न नागोठण्यासारख्या ठिकाणी विशेष स्पष्ट दिसतो. रोहे तालुक्यातील हे गाव आंबा नदीच्या काठी वसलेले असून, पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून येथवर येत. म्हणून घाटावरचा माल आणि मुंबईचा माल ह्यांची येथे गाठ पडे. पुढे मुंबई–गोवा महामार्ग गावाशेजारून गेला; रोह्यापर्यंतची रेल्वे १९८६ साली पुरी झाली; त्याच दशकाच्या अखेरीस गावाजवळ पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना आणि त्याची वसाहत उभी राहिली. नकाशावर पाहणाऱ्याला वाटावे, की आता येथून कोठेही जाणे म्हणजे हातचा मळ. तथापि नागोठण्याचा कारागीर ज्या घरांना जातो ती घरे महामार्गावर नसतात. कोणी उत्तरेस पेणच्या बाजूला आगरात राहतो, कोणी वाकणवरून पालीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या आत, कोणी भिसे खिंडीपलीकडे रोह्याच्या वाटेवर, आणि कोणी डोंगराच्या सोंडेवरील ठाकूरवाडीत किंवा कातकरीवाडीत. एस.टी. फाट्यापर्यंत नेते, फाट्यापासून पुढे स्वतःचे पाय. बस चुकली, तर दुसरीची वाट पाहण्यात जाणारा तास कोणाच्याच हिशेबात नसतो.

हे काम कसे चालते ते नीट ध्यानात घेतले, म्हणजे वाटेचा प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. शाकारणी म्हणजे केवळ कौले इकडची तिकडे करणे नव्हे. कारागीर आढ्यापासून वळचणीपर्यंत एकेक ओळ उकलतो. वर्षभरात साचलेला पालापाचोळा आणि उंदरांनी केलेली घरटी काढतो. वाशांना आणि रिपांना वाळवी लागली आहे काय ते टोचून पाहतो. फुटकी कौले बदलतो आणि माकडांनी सरकविलेली जागच्या जागी बसवितो. आढ्यावरील कोने पुन्हा सांधतो, पन्हळ साफ करतो. हे सर्व करताना पाय कौलावर न देता वाशावर द्यावयाचा असतो; चुकला तर कौल जाते, आणि कधी माणूसही जातो.

जुन्या घरांवर कुंभाराने घडविलेली नळीची कौले असत. मंगळुरास बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून हळूहळू चपटी मंगळुरी कौले साऱ्या किनाऱ्यावर पसरली. ह्या कौलांची एक खोड आहे. एका कारखान्याच्या साच्यातील कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसतेच असे नाही. त्यामुळे कौल कोणत्या छापाचे आहे, किती फुटली आहेत, रिपा किती लागतील, हे पाहिल्याशिवाय कोणताही जाणता कारागीर काम अंगावर घेत नाही. म्हणजे एका कामासाठी त्याला निदान दोन खेपा कराव्या लागतात. एक पाहणीची आणि दुसरी प्रत्यक्ष कामाची. पहिल्या खेपेत त्याने एकही कौल हलविलेले नसते, म्हणून ती खेप फुकटची समजण्याची वहिवाट पडली आहे. वस्तुतः त्या खेपेतच त्याचे सर्वांत मोलाचे ज्ञान खर्ची पडते.

आता हिशेब करून पाहावा. सोयीसाठी असे धरू, की कारागिराचा आठ तासांचा रोज आठशे रुपये, म्हणजे तासाला शंभर रुपये पडतो. मदतनिसाचा खर्च तूर्त बाजूला ठेवू. एक घर नागोठण्यातच आहे. तेथे सहा तासांचे काम असून जाण्यायेण्यात अर्धा तास जातो. मालक सहाशे रुपये देतो. साडेसहा तासांचे सहाशे, म्हणजे तासाला सुमारे ब्याण्णव रुपये पडले. कारागीर संतुष्ट आहे. दुसरे घर आडवाटेच्या वाडीत आहे. तेथे काम चारच तासांचे, म्हणून मालक चारशे रुपये काढून देतो आणि आपण चोख व्यवहार केला असे समजतो. परंतु जाण्यायेण्यास अडीच तास लागतात, आणि पाहणीच्या खेपेचे आणखी अडीच. असे एकंदर नऊ तास गेले. शिवाय दर खेपेचे भाडे साठ रुपये धरले, तर दोन खेपांचे एकशेवीस झाले. हाती उरले दोनशे ऐंशी. ते नऊ तासांवर वाटले, तर तासाला एकतीस रुपये. तोच माणूस, तेच कसब, तेच ऊन. आणि मोल एक-तृतीयांश. ह्यात कोणी कोणाला फसविलेले नाही. दोघांनी मिळून वाट तेवढी मोजली नाही, इतकेच.

अशा आतबट्ट्याच्या व्यवहारातून कारागीर दोन मार्गांनी बाहेर पडतो. पहिला मार्ग असा, की तो तोटा मुकाट्याने सोसतो आणि पुढील वर्षी त्या वाडीचे नाव काढले, की त्याला गावातच काम असते. बिचारा मालक निरोपावर निरोप धाडतो. निरोपाला उत्तर “येतो” असेच मिळते, परंतु मृग लागला तरी शिडी काही दारात येत नाही. दुसरा मार्ग असा, की वाटेचा खर्च तो कामाच्या दरात गुपचूप मिसळतो. मग फुटलेली कौले वीस असता तीस सांगितली जातात, बऱ्या रिपा कुजक्या ठरतात, आणि चार तासांचे काम पाच तासांवर जाते. पहिल्या मार्गाने दूरचे घर गळते. दुसऱ्या मार्गाने कारागिराचा प्रामाणिकपणा गळतो. दोन्ही गळत्यांचे मूळ एकच आहे. जी गोष्ट उघड सांगून मागावयाची, ती सांगण्याचा संकोच.

हा संकोच कोठून आला? त्यासाठी थोडे मागे पाहिले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथात महाराष्ट्रातील बलुत्याच्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार, लोहार, कुंभार इत्यादी कारागीर वर्षभर गावाची कामे करीत आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपला वाटा धान्याच्या रूपाने घेत. त्या व्यवस्थेत वाटेचा वेगळा हिशेब नव्हता, कारण वाटच नव्हती; कारागीर आणि गिऱ्हाईक एकाच शिवेच्या आत राहत. शिवाय मोल एका कामाचे नसून साऱ्या वर्षाचे होते, आणि ते एका घराकडून नव्हे, तर साऱ्या गावाकडून मिळे. गावाच्या टोकाच्या घरी जाण्याचा भार अशा रीतीने सर्व घरांवर सारखा वाटला जाई. ह्या व्यवस्थेत जातीचे आणि जन्माचे बंधन होते, आणि ती मोडली ह्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु ती मोडताना एक गोष्ट नजरेतून सुटली. धान्याचा वार्षिक वाटा जाऊन रोकड रोज आला. गावाची शीव ओलांडून कारागीर पाच-दहा कोस जाऊ लागला. आणि वाटेचा जो भार पूर्वी सारे गाव उचलीत असे, तो एकट्या कारागिराच्या खांद्यावर येऊन पडला.

कोकणात ह्याला आणखी एक काळी बाजू होती. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यात, खोतीची पद्धत होती, आणि खोतीबरोबर वेठ होती. खोताच्या शेतावर, खोताच्या घरी कुळाने ठरलेले दिवस फुकट राबावयाचे. जेथे दिवसच फुकट, तेथे त्या दिवसाला जाण्यायेण्याच्या वेळेची गोष्ट कोण काढणार? अलिबागजवळील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जो दीर्घ संप केला, तो ह्याच खोतशाहीविरुद्ध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ साली मुंबई राज्यात खोती रद्द करण्याचा कायदा झाला. वेठ कायद्याने गेली. परंतु कष्टकऱ्याचा काही वेळ फुकटच असतो, ही समजूत कायद्याने जात नाही. आज जो सज्जन गृहस्थ कारागिराला “जरा येऊन बघून जा” असे सहज सांगतो, त्याच्या मनात वेठीचा विचार स्वप्नातही नसतो. तरी पण त्या “जरा” ह्या शब्दात दुसऱ्याचा अर्धा दिवस असतो.

ह्याच्या उलट, शिकलेल्या माणसाची वाट समाजाने केव्हाच मोजली आहे. डॉक्टर रोग्याच्या घरी आला, तर दवाखान्यातील फीहून व्हिजिटची फी अधिक असते, आणि ती देताना कोणी कुरकुर करीत नाही. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाला, की प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता हे शब्द त्याच्या बरोबर निघतात. गाडीत बसलेला त्याचा वेळ सरकारी कामाचाच वेळ समजतात. टॅक्सीवाला आडबाजूच्या गावी जाताना परतीचे भाडे आधीच सांगतो. मग शिडी खांद्यावर घेऊन चढण चढणाऱ्याचाच वेळ बिनमोल का? त्याचे उत्तर कोणाजवळ नाही. एवढेच, की त्याने कधी मागितले नाही आणि म्हणून कोणी दिले नाही.

मजुराच्या बाबतीत कायद्याने ह्या प्रश्नाला अधूनमधून हात घातलेला आहे. १९३६ च्या वेतन देण्याविषयीच्या कायद्याने वेतन ह्या शब्दाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता वगळला. म्हणजे प्रवासाचा खर्च ही वेतनाहून निराळी बाब आहे हे तत्त्व मानले. महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा जो कायदा झाला, त्यात अंतराची स्पष्ट तरतूद होती. गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे. त्याहून दूर दिले, तर वाहतुकीसाठी आणि राहण्यासाठी मजुरीच्या दहा टक्के अधिक द्यावे. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या मजुराचे अंतर कायद्याने असे आकड्यात मांडले, ही लहान गोष्ट नव्हे.

परदेशांतही हा वाद झालेला आहे, आणि सर्वत्र उत्तर एकच आलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ साली एका कुंभारकामाच्या कारखान्याच्या खटल्यात असे ठरविले, की कारखान्याच्या आवारात शिरल्यापासून कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा वेळही कामाचाच होय. मालकवर्ग हादरला, आणि दुसऱ्याच वर्षी, १९४७ साली, तेथील काँग्रेसने कायदा करून जाण्यायेण्याच्या वेळेचे मोल देण्याचे बंधन काढून टाकले. उलट, युरोपीय संघाच्या न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये स्पेनमधील एका प्रकरणात निराळा निर्णय दिला. तेथील एका कंपनीने आपली जिल्हावार कार्यालये बंद केली होती, आणि तिचे कामगार घरातून थेट गिऱ्हाइकाकडे यंत्रे बसविण्यास जात. न्यायालय म्हणाले, की ज्याला कामाची ठरावीक जागाच नाही, त्याचा पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाण्याचा आणि शेवटच्या गिऱ्हाइकाकडून घरी येण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे. ह्या निर्णयातील तर्क नागोठण्याच्या कारागिराला तंतोतंत लागू पडतो. गिरणीकामगार कोठे राहावयाचे ते स्वतः ठरवितो. परंतु शाकारणाऱ्याने कितीही विचार केला, तरी तो रोज बदलणाऱ्या घरांच्या शेजारी राहावयास जाऊ शकत नाही. वाट हा त्याच्या सोयीचा भाग नसून त्याच्या धंद्याचा भाग आहे.

एवढे खरे, की वरील सर्व कायदे आणि निकाल नोकरांसाठी होते. स्वतंत्र कारागिराला मालक नाही, म्हणून त्याच्या वाटेचे मोल ठरवून देणारा कायदाही नाही. त्याला ते आपल्या तोंडानेच सांगावे लागते. त्यात घरमालकाच्या आक्षेपांना उत्तर देणे आले. आणि ते आक्षेप पोकळ नाहीत.

घरमालकाचा पहिला आक्षेप असा: “तू बसमध्ये बसून आलास, त्याचे पैसे मी का द्यावे? मी कामाचे देणे लागतो, तुझ्या सहलीचे नव्हे.” ह्याला उत्तर असे, की बसमध्ये बसलेला कारागीर मोकळा नसतो. त्या वेळात तो दुसऱ्याचे कौल परतू शकत नाही, आपल्या शेतात जाऊ शकत नाही, मुलाला घेऊन बसू शकत नाही. तो वेळ ह्याच घरासाठी बांधला गेलेला असतो. मात्र बसणे आणि आढ्यावर उन्हात राबणे ह्यांत श्रमाचा फरक आहे, हे कारागिरानेही मान्य केले पाहिजे. यास्तव वाटेच्या तासाला कामाच्या तासाचा अर्धा दर लावावा, आणि भाडे पडेल तेवढेच निराळे घ्यावे, ही रीत दोघांच्याही मनाला पटण्यासारखी आहे. वरील वाडीच्या उदाहरणात वाटेच्या पाच तासांचे अर्ध्या दराने अडीचशे आणि भाड्याचे एकशेवीस, असे तीनशे सत्तर रुपये होतात. चारशेच्या कामाला तीनशे सत्तरची वाट! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे घरमालक म्हणेल. आणि येथेच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो.

तो आक्षेप असा, की अंतराचे मोल घ्यावयाचे ठरले, तर ज्याचे घर सर्वांत दूर त्याला सर्वांत अधिक पडेल. आणि नागोठण्याच्या पंचक्रोशीत सर्वांत दूरचे घर म्हणजे बहुधा सर्वांत गरिबाचे घर. महामार्गालगतच्या बंगल्याला दहा रुपये आणि डोंगरावरील कातकऱ्याच्या खोपटाला तीनशे सत्तर, हा न्याय म्हणावा काय? आकड्यांचा हिशेब बरोबर असूनही न्याय चुकू शकतो, ह्याचे हे उदाहरण होय. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले होते, पाऊस आठवड्यावर आला होता, साथीमुळे एस.टी.ची वाहतूक विस्कळीत झाली होती. कारागीर थोडे आणि उघडी घरे अगणित. अशा वेळी जेथे वाट जवळ तेथे शिडी आधी लागते आणि जेथे वाट लांब तेथे ताडपत्रीवर पावसाळा काढावा लागतो, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही.

म्हणून वाटेचे मोल घेणे आणि ते एकाच घरावर लादणे ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे समजून घेतले पाहिजे. ह्याचा मार्ग जुन्या कल्हईवाल्याने दाखविलेला आहे. कल्हईवाला एका घरची चार भांडी घेऊन एकेका दारी हिंडत नसे. तो आळीच्या तोंडाशी झाडाखाली भाता मांडी, हाळी देई, आणि साऱ्या आळीची पातेली-तपेली तेथे येत. त्याची एक वाट पन्नास घरांत वाटली जाई, आणि कोणाला ती जाणवतही नसे. तीच युक्ती शाकारणीला लावून पाहावी. वाडीतील पाच घरांनी मिळून एकच निरोप धाडला. पाचही घरांची पाहणी एका खेपेत झाली. पाच घरांचे वीस तासांचे काम तीन दिवसांत उरकले. रोज जाऊन येऊन केले, तर पाहणी धरून चार खेपा. पूर्ण दर लावला तरी वाटेचे एक हजार आणि भाड्याचे दोनशे चाळीस, म्हणजे दर घराला दोनशे अठ्ठेचाळीस रुपये. कारागिराने वाडीतच मुक्काम केला, तर खेपा दोनच. वाट आणि भाडे मिळून सहाशे वीस, आणि दर घराला एकशेचोवीस. अर्ध्या दराची सवलत दिली तर त्याहूनही कमी. मुक्कामाला भाकरी आणि ओसरी वाडीने द्यावी. ही गोष्ट कोकणात कोणाला शिकवावी लागत नाही. बलुत्यातील जे चांगले, म्हणजे भार वाटून घेणे, ते अशा रीतीने परत येते. आणि जे वाईट, म्हणजे जन्माचे बंधन, ते परत येत नाही.

येथे आंबा नदीवरील जुन्या पुलाची आठवण होते. चौलच्या काझी अल्लाउद्दीनाने तो १५८० च्या सुमारास बांधविला आणि त्याला तीन लक्ष रुपये खर्च आला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. पूल म्हणजे तरी काय? असंख्य वाटसरूंच्या वाटेचे मोल कोणीतरी एकदाच देऊन टाकणे. वाडीपर्यंत बारमाही रस्ता आणि वेळेवर येणारी एस.टी. असली, तर अडीच तासांची खेप तासाभरावर येते. तेव्हा दूरच्या घराला वाट महाग पडते हा दोष ना कारागिराचा ना त्या घराचा. त्याचा मोठा भाग रस्त्याचा आहे, आणि रस्ता ही सर्वांची जबाबदारी आहे. कारागिराला आपली वाट फुकट देण्यास सांगून ती जबाबदारी टाळता येत नाही.

हा सारा विचार केवळ कौलांपुरता नाही. खरे पाहता कौलारू घरे कमी होत आहेत. जागोजागी पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब येत आहे. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. पूर्वी एका आळीत दहा कौलारू घरे होती, तेथे आता दोनच उरली, म्हणून कारागिराला तेवढ्याच कामासाठी अधिक आळ्या हिंडाव्या लागतात. धंदा जसजसा आटतो तसतशी वाट लांबते. आणि जे नवे धंदे येत आहेत त्यांतही वाटच मोठी आहे. शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले रोहे-पालीच्या बाजूला झाले. त्यांच्या मोठमोठ्या खिडक्यांच्या काचा पुसणारा, गच्चीवरील पाण्याच्या टाक्या धुणारा, सौर पट्ट्यांवरील धूळ काढणारा असा नवा स्वतंत्र कारागीर आता लागतो. शाकारणी वर्षातून एकदा आणि दिवसभराची. काच पुसणे वर्षातून अनेकदा आणि तासाभराचे. काम जितके लहान, तितका त्यात वाटेचा वाटा मोठा. तासाभराच्या कामाला दोन तासांची वाट असली, तर तो माणूस काच पुसून जगत नाही, वाट चालून जगतो; आणि तिचे मोल त्याला मिळत नसेल, तर तो जगतच नाही. अशा कारागिराने वार ठरवून दिशा बांधून घ्याव्यात, सोमवारी पालीची बाजू, मंगळवारी रोह्याची. आणि त्या वारी येणाऱ्याला कमी, अवेळी बोलावणाऱ्याला अधिक, असा दर ठेवावा. एका दिशेला जाताना पाच घरे केली, तर पाचांकडून पाच वाटा घेणे ही मात्र लबाडी होय. वाट एकच चालला, मोल एकाच वाटेचे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलण्याची. वाटेचे मोल काम झाल्यावर सांगितले, तर ते मागणे वाटते. आधी सांगितले, तर तो करार होतो. “काका, कौले बघायला येतो, पण खेपेचे इतके पडतील. काम मला दिलेत, तर ते कामात वळते करीन,” एवढे दोन वाक्यांचे बोलणे निम्मी भांडणे मिटविते. पाहणीचे पैसे कामात वळते होतात म्हणून मालकाला ते डोईजड होत नाहीत. आणि काम दुसऱ्याला दिले, तरी कारागिराचा दिवस बुडत नाही. मालकानेही तितकेच आधी सांगावे: रस्ता कोठवर आहे, शिडी घरी आहे की नाही, शेजारी आणखी कोणाचे काम आहे काय. ज्या कारागिराला शिडी वाहून न्यावी लागत नाही त्याची वाट निम्मी होते.

आणि चिठ्ठी लिहिताना तीन ओळी निरनिराळ्या लिहाव्यात: कामाचे इतके, भाड्याचे इतके, वाटेच्या वेळेचे इतके. वाट उघडपणे लिहिली गेली, म्हणजे ती कौलांच्या संख्येत लपविण्याचे कारण उरत नाही. आणि ती डोळ्यांसमोर आली, म्हणजे शेजाऱ्याला हाक मारून ती वाटून घ्यावी, ही बुद्धी मालकालाही होते. जी वाट लिहिली जात नाही ती कोणीतरी फुकट चाललेला असतो, आणि पुढल्या वैशाखात तो चालेनासा होतो.